भट्टीतलं चालते

आमच्या बुलडाण्याकडे ज्या घरातून माणूस गेलं, त्या घरी वर्षभर सणाला कढई चढत नाही. दिवाळी दारात आली तरी चकलीचा सोऱ्या फडताळातून निघत नाही, करंजीचं सारण होत नाही. पण म्हणून त्या घरातली पोरं सणाला तशीच राहत नाहीत. गल्लीतल्या बायका आपल्या फराळातला पहिला डबा भरतात आणि तो दुखवट्याच्या घरी पोचवतात. देणारी फार बोलत नाही, घेणारी आभार मानत नाही. एरवी शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. दुखवट्याच्या घरचा डबा तेवढा रिकामा परत येतो आणि तो तसाच घ्यायचा असतो. इतका समंजस रिवाज मी दुसरा पाहिला नाही. जिचं माणूस गेलं तिला चुलीपासून थोडी मोकळीक मिळते, आणि तिच्या लेकरांच्या तोंडात सण पडतो.

माझे बाबा गेले त्या वर्षी मी शाळेत होते. दिवाळीत डबे आले, संपले, परत गेले. नाताळ काही आमचा सण नव्हता, आणि दुखवट्याच्या त्या वर्षी डिसेंबरात कुणी काही आणेल असं आमच्या मनातही नव्हतं. पंचवीस तारखेला दुपारी समोरच्या घरातली मावशी डालड्याचा पिवळा डबा घेऊन आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, माहेर खामगावचं, आणि इतकी वर्षं घाटावर राहूनही बोलणं घाटाखालचं. आईने डबा पाहिला आणि हात मागे घेतला. नाताळचं गोडधोड नेहमीच यायचं, पण या वर्षी घ्यावं की नाही, हे तिला कळेना. मावशी म्हणाली, "घे वं माय. हे तयलेलं नाही. भट्टीतलं हाय. भट्टीतलं चालते."

शास्त्रात असं कुठे लिहिलं असेल असं मला वाटत नाही. कढईचा नियम आमचा, त्यातली वाट तिने शोधलेली. बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली आणि तिने डबा घेतला. झाकण उघडलं तर वर मुरमुरे. मुरमुऱ्यांत हात घातला की एकेक बिस्कीट वर यायचं: फिकट बदामी, कडा किंचित तांबूस आणि मधल्या खळग्यात पेरूचा गुलाबी जॅम, वाळून काचेसारखा चकाकणारा.

हे बिस्कीट नानखटाईच्या घरातलं, पण नानखटाई नव्हे. नानखटाईत आमच्याकडे डालडा किंवा तूप, वेलची, थोडा सोडा. ती फुलते, वरून तडकते. मावशीच्या बिस्किटात सोडा नव्हता आणि तुपाऐवजी लोणी होतं. तीन पाव मैदा, दोन पाव लोणी, एक पाव पिठीसाखर, वर दोन मुठी तांदळाची पिठी. पुढे कळलं की स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचं मापही हेच आहे, तीन-दोन-एक, आणि तांदळाची पिठी तिकडेही घालतात. हे माप बुलडाण्याच्या गल्लीत कसं आलं, त्याची गोष्ट मावशी सांगायची. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणतात, वऱ्हाडावर फार भयंकर पडला. मावशीची आजी तेव्हा पोरकी झाली आणि मिशनच्या आश्रमात वाढली. अलायन्स मिशनची अमेरिकन माणसं त्याआधीच वऱ्हाडात आली होती, अकोला हे त्यांचं मोठं ठाणं. आजी मोठी होऊन मिशनमधल्या एका मॅडमच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि तिथून हे माप घरी घेऊन आली. जॅम मात्र तिचा स्वतःचा. मॅडमच्या जॅमच्या बरण्या बोटीने यायच्या, आजीच्या अंगणात पेरूचं झाड होतं.

म्हणजे हे बिस्कीट मुळात एका अनाथ पोरीने घरी आणलेलं. आईपुढे तो डबा धरताना मावशीच्या मनात हे असेल का, ते मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

नाताळाच्या आधी मावशीच्या घरी कामाची एक रीत होती. मृग बहाराचा पेरू थंडीत पिकतो, त्यामुळे डिसेंबरात बाजारात ढीग असायचे. ती पूर्ण पिकलेले पेरू फार घ्यायची नाही. अर्धेअधिक गदरे हवेत, म्हणायची, नाहीतर जॅम बसत नाही. ते खरंच आहे, जॅम घट्ट करणारं पेक्टिन कच्च्याकडे झुकलेल्या पेरूत जास्त असतं. पेरू उकडायचे, पुरणाच्या चाळणीतून घासून बिया मागे ठेवायच्या, गराच्या पाऊणपट साखर आणि लिंबाचा रस घालून पितळी पातेल्यात आटवायचं. थंड बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करायची. थेंब धावला तर अजून शिजू द्यायचा, सुरकुतला तर उतरवायचं. बाजारातला पातळ जॅम ती वापरायची नाही, कारण तो भट्टीत उकळून बाहेर येतो, पत्र्यावर जळतो आणि बिस्कीट चिकटतं.

लोणी घरच्या सायीचं, महिनाभर साठवलेलं. ते फडक्यात बांधून खुंटीला टांगायची, ताकाचा शेवटचा थेंब निथळेपर्यंत. पाणी राहिलं की बिस्कीट खुसखुशीत होत नाही, वातड होतं. आणि इथे घाटावरच्या थंडीचा उपयोग. बुलडाणा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच, अजिंठ्याच्या डोंगरांवर. डिसेंबरच्या पहाटे राजूर घाटातून वर येणाऱ्या एस.टी.तली माणसं मफलर शोधू लागतात. लोणी या थंडीत दगडासारखं राहायचं, पीठ मळलं तरी वितळायचं नाही. खामगावात माहेरी करायची तेव्हा बिस्किटं भट्टीत पसरायची, इथे आकार धरतात, असं तिचं म्हणणं होतं. बुलडाण्याचं तिने केलेलं एवढं एकच कौतुक. बाकी सगळं खामगावचंच चांगलं: कापसाचा बाजार, चांदी, रेल्वेसुद्धा.

खळगा करायला ती अंगठा वापरायची नाही. अंगठ्याने कडा फाटतात आणि हाताच्या उबेने लोणी सुटतं. तिच्याकडे पेनिसिलिनची एक रिकामी काचेची बाटली होती, उकळून स्वच्छ केलेली, रबरी बूच काढून टाकलेली. तिचं बूड मैद्यात टेकवायचं आणि गोळीच्या मधोमध दाबून हलकेच फिरवायचं. सगळे खळगे एका मापाचे, कडा गुळगुळीत. आम्ही पोरी जॅम भरायला बसायचो. चहाच्या चमच्याचं टोक, एवढाच जॅम. जास्त भरला की मावशी आमच्या चमच्याकडे नुसतं बघायची, इंजेक्शनच्या वेळी बघायची तसं.

मग बेकरी. माझ्या लहानपणी कुणाच्या घरी ओव्हन नव्हतं. दिवाळीच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि नाताळाच्या आठवड्यात बायका डबे घेऊन बेकरीत जायच्या. लाकडाच्या भट्टीत रात्री पाव निघायचे, दुपारी भट्टी उरलेल्या आचेवर असायची, आणि ती बिस्किटांची वेळ. बहुतेकजणी मैदा, साखर, डालडा तिथेच ओतायच्या आणि कारागीर टेबलावर मळून द्यायचा. मावशी घरूनच पत्रे भरून न्यायची, ओल्या फडक्याने झाकून. बेकरीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रा आत सरकवायचे. आधी भट्टीत कागदाचा तुकडा टाकून बघायचे; तो काळा पडला तर अजून थांबायचं, बदामी झाला तर आच बरोबर. प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. मावशीच्या पत्र्याला चिठ्ठी लागायची नाही, तसं बिस्कीट दुसऱ्या कुणाचंच नसायचं.

बाकावर वाट बघताना ती गुणगुणायची. चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची भजनं तिला पाठ होती. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी पद रचलं ते अभंगाच्या वळणाने, आणि त्यामुळे रांगेतल्या आमच्या बायकांना ती चाल परकी वाटली नाही. एखादी शेगावच्या वारीला जाणारी आजीबाई नकळत मान डोलवायची. बाहेर थंड वारा, आत भाजल्या लोण्याचा वास, आणि जॅमचा एखादा थेंब ओघळून जळला की त्याचा किंचित कडवट गोड धूर. त्या दुपारी ती बेकरी मला जगातली सगळ्यात सुरक्षित जागा वाटायची. बाबा गेल्यानंतर तर फारच.

चाचा थकले, भट्टी बंद झाली. दुकानांत पुड्यातली क्रीमची बिस्किटं आली, पोरांना मधल्या भोकातून जॅम दिसणारं जिम जॅम आवडू लागलं. मावशी हळहळत बसली नाही. निवृत्तीच्या पैशांतून तिने छोटं ओव्हन घेतलं, एकशे साठवर काटा ठेवायला शिकली, आणि मला बोलावून दाखवलं. "भट्टीच हाय हे," ती म्हणाली, "फकत लाकूड नाही."

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. आजारपण लांबलं नाही, तिने कुणाला धावपळ करू दिली नाही. चर्चमध्ये माणसं मावली नाहीत. तिच्या हातची सुई घेतलेला अर्धा बुलडाणा तिथे होता. महिन्याभरात तिचा मुलगा काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पुण्याला घेऊन गेला. समोरच्या घराला कुलूप लागलं. निघताना सुनेने मला ओव्हन दिलं, आणि काकांनी रुमालात गुंडाळून पेनिसिलिनची बाटली. काही बोलले नाहीत. मीही घेतली, आणि आभार मानले नाहीत.

डिसेंबर लागला तसा मी फोन केला. नाताळची काय तयारी, असं विचारायला जीभ रेटेना, म्हणून थंडी कशी आहे विचारलं. काकाच म्हणाले, पंचवीस तारखेला उपासनेला जाणार, पण यंदा घरात फराळ करायचा नाही असं त्यांनी सांगितलंय. आमच्यात असं काही पाळत नाहीत, ते म्हणाले, पाळकसाहेबांनीही सांगितलं की आनंदाचा दिवस आहे, करा. पण तिने आयुष्यभर सगळ्या गल्लीचे दुखवटे पाळले. तिच्यासाठी कुणी एक वर्ष कढई खाली ठेवायला नको का?

मी फोन ठेवला आणि पेरू आणायला बाजारात गेले.

करताना मला रडू आलं नाही, याचं नंतर नवल वाटलं. हात कामात होते. साय मी दिवाळीपासूनच साठवत होते, कशासाठी ते स्वतःशीही न बोलता. लोणी टांगलं, गर गाळला, बशी तिरकी केली. रडू आलं ते बाटली दाबताना. खळगा बरोबर तिच्याच मापाचा उमटला, आणि पत्र्यावर तसे ओळीने उमटत गेले. माझ्या लेकीने पत्रा ओढून घेतला आणि जॅम भरायला बसली. तिने जास्त भरला तेव्हा मी तिच्या चमच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मावशीआजीसारखं नको ना बघू."

दुःख करायला माणसाला एकांत लागतो असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, दुःख करायला माणसाला शेजार लागतो. पुण्याच्या सोसायटीत काकांच्या दारी डबा घेऊन कोण येणार होतं? तिथली माणसं वाईट नाहीत, पण या घरातलं माणूस गेलंय, यंदा इथे काही करणार नाहीत, हे कळायला गल्ली लागते. आमची गल्ली काकांबरोबर पुण्याला जाऊ शकत नव्हती. बिस्किटं जाऊ शकत होती.

डालड्याचा डबा आता मिळत नाही, म्हणून स्टीलचा घेतला. तळाला मुरमुरे, मग बिस्किटांचा थर, पुन्हा मुरमुरे. मावशी मुलाच्या होस्टेलला असाच डबा पाठवायची. मुरमुऱ्यांत बिस्कीट हलत नाही आणि ओल धरत नाही. स्टँडवर जाऊन पुण्याच्या रात्रीच्या गाडीत पार्सल टाकलं. डब्यावर चिठ्ठी लावली नाही.

चोवीस तारखेला संध्याकाळी सुनेचा फोन आला. एकही फुटलं नव्हतं. काकांनी झाकण उघडून वास घेतला आणि बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत, मग पोरांना हाका मारून एकेक दिलं, स्वतः दोन खाल्ली. पोरांना जॅम आवडला. धाकट्याने आधी खळगा कोरून खाल्ला आणि कडा आजोबांना दिल्या. हे सगळं सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली. तिचं माहेर कोकणातलं, आमच्याकडच्या गोष्टी तिला अजून नवीन. म्हणाली, "ताई, डबा तर रिकामाच पाठवायचा ना, बाबांनी सांगितलंय. पण हे एवढे मुरमुरे उरलेत, त्यांचं काय करू?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मागून काकांचा आवाज आला. खूप दिवसांनी तो आवाज इतका मोठा ऐकला. "काय करू म्हणजे? कांदा चिर, तिखट-मीठ टाक, वरून कच्चं तेल. कच्चा चिवडा कर त्याचा. त्याला काही कढई लागत नाही!"