ठासणीची बंदूक आणि कोरेगावची तहान

गेल्या डिसेंबरात आम्ही भाच्याकडे अमेरिकेत, पेनसिल्वेनिया राज्यात गेलो होतो. तेथे चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो. त्यामुळे ही जुनी बंदूक नेमबाजीच्या मैदानावर आजही चालवतात. भाचा म्हणाला, "मामा, कोरेगावच्या लढाईत चकमकीच्याच बंदुका होत्या ना? चला, शिकू या." आम्ही पंचशील पाळणारे. आधीच सांगितले, "कागदाच्या निशाणावर. जिवावर नाही."

शिकविणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी प्रथम डोळ्यांना चष्मा व कानांत बोळे घालावयास लावले. मग मापाने दारू नळीत ओतली. तेलकट चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून गजाने दारूवर घट्ट बसविली. बाहेरच्या कानात चिमूटभर रंजक घातली. घोड्याच्या जबड्यात गारगोटी. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडून रंजक पेटते आणि बारीक छिद्रातून आग आतल्या दारूपर्यंत पोचते.

आमचा पहिला बार फुसका गेला. रंजक भसकन पेटली, बंदूक गप्प. गुरुजींनी नळी निशाणाकडेच धरून थांबावयास सांगितले; दारू उशिरानेही पेटते. दुसरा बार उडाला, पण डोळ्यांसमोर जाळ होताच आम्ही मान फिरविली. गोळी कागदाला शिवलीही नाही. "चाप ओढल्यावरही क्षणभर हलू नका," एवढेच ते म्हणाले. सहाव्या बाराला कागदाच्या कडेला भोक पडले. तोवर खांदा दुखू लागला होता, धुराने घसा कोरडा पडला होता. भाच्याने पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिताना १ जानेवारी १८१८ चा तो दिवस आठवला. त्या पलटणीत आपले महार सैनिक मोठ्या संख्येने होते. कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. दारूतला शोरा तोंडात जाऊन जीभ सुकत असे. भीमा नदी जवळ असूनही दिवसभर त्यांना पाणी मिळाले नाही, तरी ते रात्रीपर्यंत हटले नाहीत. आमच्यावर तर कोणी गोळी झाडत नव्हते, तरीही आम्ही दचकलो होतो.

गेली वीस वर्षे आम्ही सभांतून 'पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार' सांगून टाळ्या घेतल्या. त्या माणसांची तहान एकदाही सांगितली नाही. याची लाज वाटली.

पुढे इंग्रजांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला स्तंभापाशी गेले, तेव्हा ज्यांचे आजे-पणजे लढले त्यांनाच पलटणीचे दार बंद होते. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.

माताभगिनींनो, बंधूंनो, येत्या १ जानेवारीला मुलांना स्तंभाकडे न्याल, तेव्हा त्यावरील 'नाक'ने संपणारी नावे एकेक करून वाचून दाखवा. आकडा नंतर सांगता येईल.

जयभीम!