अब्बांचं दव

विज्ञानाचे सर रजेवर होते, म्हणून दहावीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू-मराठी शिकवणारा. धडा उष्णतेचा. फळ्यावर 'दवबिंदू तापमान' लिहिलं, तशी एका मुलीने विचारलं, "सर, उर्दूत ओस गिरती है, मराठीत दव पडतं. पण पडतं कुठून?"

पडत नाहीच. आकाश निरभ्र असलं, वारा थांबलेला असला, की रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा थंड होतात. त्यांना लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत थंडावली की तिच्यातल्या वाफेचं पात्यावरच पाणी होतं. हेच हवेतल्या सूक्ष्म कणांवर झालं की धुकं.

पुढच्या मुद्द्यावर मात्र मी अडखळलो. वाफ होताना पाण्याने घेतलेली उष्णता, वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. उकळत्या पाण्यासाठी ती ग्रॅममागे 540 कॅलरी. दवाच्या तापमानाला जवळपास 600.

खानदेशात आमचा दोन एकर हरभरा होता. अम्मी रात्री त्यावर फडकं पसरायची आणि सकाळी दवासकट पिळून पोटदुखीसाठी आंब बाटलीत भरायची. कडाक्याच्या थंडीत फज्रला जाताना चप्पल भिजली की अब्बा निश्चिंत व्हायचे. "ओस पडी. अब चना नै जलता." चप्पल कोरडी राहिली की नमाजनंतर थेट शेत गाठायचे.

मी नुकताच बी.एड. झालो होतो. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो, "अब्बा, दव थंडीमुळेच येतं. ते थंडीपासून वाचवणार कसं?" पाहुणे हसले. अब्बा गप्प राहिले.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हवेत ओल असली तर दव धरताना उष्णता सुटते आणि पानांचं तापमान सावकाश उतरतं. हवा कोरडी असली तर हा आधार मिळत नाही. पानं शून्याखाली जाऊन पीक करपण्याची भीती वाढते. कारण अब्बांना सांगता आलं नसतं, पण रात्र ओळखता येत होती. मला दोन्ही येत नव्हतं, तरी बोललो मीच.

मुलांना गृहपाठ दिला: दव, धुकं, थंडी यांबद्दल घरातली मोठी माणसं काय सांगतात ते लिहून आणा. आधी लिहा, मग तपासा. हसू नका.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर कब्रस्तानात गेलो. फातिहा पढलो आणि अब्बांसमोर म्हणायचं राहून गेलेलं ते म्हणालो.