घरची गाडी, घरच्याच हातांनी

आमचे फुलचूर गोंदिया शहराला लागूनच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोहल्ल्यात सायकली आणि दोन-चार मोटारसायकली दिसत. आज गल्लीत चारचाकी गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या बहुतेक हौसेपेक्षा गरजेपोटी घेतलेल्या आहेत. आमचेही तसेच आहे. अम्मींना दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते, म्हणून आम्ही एक जुनी गाडी विकत घेतली. दुसरी घेण्याची ऐपत नाही. तेव्हा आहे ती टिकवायची आणि त्यासाठी घरीच धुवायची, असे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले.

गाडी धुणे हे वाटते तितके सरळ काम नाही. त्यात आपल्या भागाचा एक खास प्रश्न आहे. गोंदिया हे तांदळाच्या गिरण्यांचे शहर. 100 किलो धान भरडले की सुमारे 20 किलो तूस निघते. उष्णा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये हेच तूस जळते आणि त्याचा साधारण पाचवा भाग राख होऊन उरतो. वारा फिरला की त्यातली काळी राख अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गाडीच्या टपावर येऊन बसते. ती हलकी दिसते, पण तिच्यात बहुतेक भाग सिलिकाचा असतो. वाळूही मुख्यतः सिलिकाचीच असते.

आता सकाळी कामावर निघताना आपण काय करतो? कोरडे फडके घेऊन टपावर आणि बॉनेटवर सपासप फिरवतो. म्हणजे वाळूने काच घासावी तसा तो प्रकार होतो. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. उन्हात तिरपे पाहिले की जुन्या गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा अशा कोरड्या पुसण्यातूनच येतात. म्हणून आमच्या घरात एक नियम आहे: राख किंवा धूळ आधी भिजवायची, मगच हात लावायचा.

यासाठी आम्ही शेतीतली वस्तू वापरतो. धानावर औषध फवारायचा 16 लिटरचा पाठीवरचा पंप सर्वांनी पाहिलेला असतो. तसाच एक नवा पंप आम्ही फक्त गाडीसाठी घेतला. त्यात कधीही औषध भरलेले नाही आणि भरायचेही नाही. अर्धा पंप, म्हणजे आठ लिटर पाणी, बारीक फवाऱ्याने साऱ्या गाडीवर मारले की धूळ सुटू लागते. पाच मिनिटे थांबायचे. मग दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या घ्यायच्या. एकीत टोपणभर कार शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. कापड शाम्पूत बुडवून गाडीचा एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचे आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचे. माती साध्या पाण्याच्या बादलीत राहते, पुन्हा गाडीवर जात नाही. टपापासून सुरुवात करून खाली यायचे. चाके शेवटी आणि त्यांचे कापड वेगळे. उरलेल्या अर्ध्या पंपाने गाडी विसळायची.

कपड्यांची पावडर मात्र वापरू नये. तिने मळ निघतो, पण त्यासोबत मेणाचा थरही निघतो. वेळही महत्त्वाची. आम्ही फजरच्या नमाजनंतर लगेच काम सुरू करतो, कारण तेव्हा पत्रा थंड असतो. मे महिन्यातल्या दुपारी बॉनेटवर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर शाम्पू क्षणात वाळतो आणि डाग पाडतो. बोअरचे पाणी जड असेल तर थेंब वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, म्हणून विसळल्याबरोबर मायक्रोफायबर कापडाने गाडी टिपून घ्यावी. ठिपके पडलेच तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्याने पुसावेत आणि ती जागा लगेच साध्या पाण्याने धुवावी.

आता पाण्याचा हिशेब पाहू. आठ, वीस आणि आठ मिळून 36 लिटर झाले. आमच्या रबरी नळीखाली आम्ही बादली धरून पाहिली, तर मिनिटाला 15 लिटर पाणी येते. नळीने बारा मिनिटे गाडी धुतली तर 180 लिटर होतात. ग्रामीण भागात नळयोजना आखताना जलजीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरले आहे. म्हणजे नळीने एक गाडी धुणे हे तीन माणसांच्या दिवसभराच्या पाण्याइतके झाले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. 2024 च्या उन्हाळ्यात बंगळुरूमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास 5,000 रुपये दंड ठरवला गेला. आपला जिल्हा तलावांचा खरा, पण तलाव जवळ असला म्हणून मे महिन्यात विहिरीत पाणी राहतेच असे नाही.

हे सारे आमच्या घरी गेल्या मे महिन्यात अगदी दाराशी आले. मुलीचा निकाह होता आणि बारात बालाघाटहून येणार होती. आमच्या अंगणातल्या विहिरीवर शेजारची तीन घरे पाणी भरतात. त्या दिवसांत विहिरीचा तळ दिसत होता. सकाळी उपसलेले पाणी भरून यायला दुपार होई. मुलगा म्हणाला, "अब्बू, एकदाच मोटर लावून नळीने धुऊ या. एवढे पाहुणे येणार, गाडी चकाचक दिसली पाहिजे." त्याचे म्हणणे वावगे नव्हते. बहिणीच्या लग्नात भावाला असे वाटणारच. पण मोटर अर्धा तास चालली असती, तर शेजारच्या काकूंची घागर संध्याकाळपर्यंत रिकामी राहिली असती.

अम्मी पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या नातवाला म्हणाल्या, "बेटा, विहीर आपल्या अंगणात आहे, पण पाण्यावर त्यांचाही हक आहे. आधी त्यांच्या घागरी भरू दे." मग त्यांनी त्याला हजरत अनस (रजि.) यांची रिवायत सांगितली. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक सा ते पाच मुद पाण्यात गुस्ल. एक मुद म्हणजे मध्यम माणसाची भरलेली ओंजळ, आणि चार मुदांचा एक सा. "नमाजच्या वुजूला ओंजळभर पाणी पुरते," अम्मी म्हणाल्या, "आणि तुझ्या गाडीला विहीर पुरत नाही?"

मुलगा हसला आणि पंप घेऊन आला. दुसऱ्या दिवशी, चारही घरांचे पाणी भरून झाल्यावर, बहीण-भावाने मिळून गाडी धुतली. काकू पाहायला आल्या. "भाऊ, गाडी धुवाले एवढंसं पानी पुरते जी?" त्यांनी विचारले. मुलाने पंपावरची खूण दाखवली. आठवड्याभराने काकूंचा मुलगा आपल्या ऑटोसाठी तोच पंप मागायला आला. आता तो पंप आमच्या घरी कमी आणि गल्लीत जास्त असतो.

मेण लावायचे काम त्या दिवशी मुलीने केले. बाजारात मिळणाऱ्या अनेक वॅक्स पॉलिशमध्ये कार्नोबा नावाचे मेण असते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते तयार होते आणि कोरड्या दिवसांत पानातला ओलावा धरून ठेवते. गाडीवरही ते असेच काम करते. पाणी, पक्ष्यांची विष्ठा आणि चिकटलेले किडे यांना ते रंगापर्यंत लवकर पोहोचू देत नाही. लावायची रीत सोपी आहे. गाडी धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि सावलीत उभी करावी. बोटभर मेण स्पंजवर घेऊन अगदी पातळ पसरावे, धूसर झाले की स्वच्छ कापडाने पुसून काढावे. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याची मेहनत मात्र वाढते. आपल्याकडच्या उन्हात हे मेण फार काळ टिकत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे. पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहेनासे झाले की मेण गेले असे समजावे. रबिंग कंपाउंड मात्र वारंवार वापरू नये. ते रेघा भरत नाही, तर वरचा थरच घासून पातळ करते.

चमकेपेक्षाही गाडीचे आयुष्य ठरते ते न दिसणाऱ्या जागांवर. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. पावसाळ्यात ती चिखलाने बुजतात, पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. काडीने ती मोकळी करावीत. मडगार्डच्या आतला चिखल पावसाळाभर काढत राहावा. काचेखालच्या जाळीतली पाने वेचावीत. ओल्या मॅट काढून पूर्ण वाळवाव्यात. धानाच्या कापणीनंतर उंदीर घराकडे वळतात, तेव्हा बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात. इंजिनवर पाण्याचा मारा करू नये, कोरडा ब्रश पुरतो.

आणखी एक विनंती. गाडी तलावात उतरवून धुऊ नये. त्याच तलावात गुरे पाणी पितात, मासे वाढतात, ढीवर बांधव शिंगाड्याची शेती करतात. गाडीचे तेल आणि साबण त्यांच्या पोटापाण्यात जातो.

एवढ्या सगळ्याला आम्हाला दीड तास लागतो. कुणी विचारते, वॉशिंग सेंटर असताना एवढा खटाटोप कशाला? ज्यांना वेळ नाही त्यांनी तिथे जरूर जावे, तिथल्या कामगारांचीही ती रोजी आहे. आमच्या घरी मात्र हा दीड तास मुले सोबत असतात. टायर झिजले आहे, दाराचे रबर सुटले आहे, हे हात फिरवतानाच कळते आणि अम्मींना घेऊन नागपूरच्या रस्त्याला लागण्याआधी ते दुरुस्तही होते. निकाहनंतर मुलगी बालाघाटला गेली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. सासरच्या गाडीसाठी तिला एक नवा पंप हवा होता.