पाणी का तापेना?

तांब्याच्या बंबाचे एक बरे होते. पाणी तापले नाही, तर दोष उघड्यावर असे: जाळ विझला, नाहीतर लाकडे ओली निघाली. डिशवॉशर मात्र झाकली मूठ. आत पाणी खळाळते, दिवे लागतात, दोन तासांनी घंटीही वाजते. आणि दार उघडावे तर तुपाचे पातेले बुळबुळीत, साबणाची पूड तशीच गोळा झालेली.

आम्ही हे यंत्र हौसेखातर घेतले नव्हते. सौ.च्या बोटांना संधिवाताने ग्रासले, तेव्हा ते पादऱ्यातील आमच्या जुन्या घरात आले. ते थंड पडले आणि त्या पुन्हा मोरीपाशी उभ्या राहू लागल्या. हे आम्हांस पाहवत नव्हते.

दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने झाकणही न उघडता सर्किट बोर्ड बदलण्याचे ११,००० रुपये सांगितले. फाइल न वाचता शेरा मारणारे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले होते. आम्ही नकार दिला.

वास्तविक तपासाचा क्रम सरळ आहे. लावलेला प्रोग्राम पाणी तापवणारा आहे की नुसता विसळणारा, हे आधी पाहावे. मग नळाची धार पाहावी. पुरेसे पाणी भरल्याखेरीज हीटर सुरूच होत नाही, कारण कोरडा चालला तर जळेल. तिसरा संशयित क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. असे जड पाणी तापले की हीटरवर पांढरा थर धरतो. उष्णता पाण्यात उतरत नाही, हीटर स्वतःच भाजतो. यंत्रात जाडे मीठ घालतात ते भांड्यांसाठी नव्हे. पाणी मृदू करणारी आतली राळ त्याने पुन्हा ताजी होते. आमच्या यंत्रात मीठ भरलेले होते.

अखेर बाजारातला, पंपांच्या मोटारी बांधणारा कारागीर आला. त्याने प्रथम प्लग काढला, मग झाकण उघडून मल्टिमीटर लावला. रोध २६ ओहम. २३० व्होल्टवरील २,००० वॅटच्या हीटरचा हिशेब तेवढाच येतो.

"काका, हीटर तो साजुं छे. वायर बळी गयो छे."

गुजरातीत 'बळी गयो' म्हणजे जळला. पण मराठी कानांना वायरचा बळी गेला असेच ऐकू आले, आणि तेही खोटे नव्हते. हीटरवर बसणारी वायरची चिमटी सैल झाली होती. जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह त्या सैल जोडातून जाई. पाण्याऐवजी जोडच तापत राहिला आणि शेवटी कोळसा झाला. जळका भाग कापून त्याने नवी चिमटी घट्ट बसवली. मजुरीसह ३५० रुपये.

त्या संध्याकाळी दार उघडताच वाफेने सौ.चा चष्मा धुरकटला. तो पुसून त्यांनी तुपाच्या पातेल्यावरून बोट फिरवले, आणि मोरीतली उरलेली भांडी आत लावू लागल्या.