शेवटच्या ओळीतून

आपल्या ज्ञातीत क्रिकेटचे वेड नवे नाही. मुंबईचे जूडा रूबेन यांनी १९६९ ते १९७७ या काळात दहा कसोटी सामन्यांत पंचाचे काम केले, ही गोष्ट आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीत पोरासोरांनाही पाठ होती. आळीतल्या कोणाची त्यांच्याशी ओळख नव्हती. तरी आमचे वडील त्यांच्याविषयी अशा थाटात बोलत, की जणू पुढच्या शब्बाथला ते आमच्याच ओटीवर जेवावयास येणार आहेत. पुढे बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे स्थायिक झालेल्या मंडळींनी या देशातही बॅट आणि चेंडू हातचा सोडला नाही, हे वाचकांना मी सांगावयास नको. तेव्हा एका शाळामास्तराने मैदानांविषयी चार शब्द लिहिले, तर ते गोड मानून घ्यावेत.

मैदान पारखण्याची माझी रीत थोडी विचित्र आहे. मी डी.एड. करीत असताना आमचे सराव-पाठ पाहावयास एक वृद्ध अध्यापक येत. ते सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसत. माझा पहिला पाठ संपल्यावर त्यांनी उद्दिष्टे, प्रस्तावना, प्रश्नांची मांडणी यांपैकी कशाविषयीही एक अक्षर काढले नाही. एवढेच म्हणाले, "येथून फळा दिसत नाही. मग तू शिकवलेस कोणाला?" तेव्हापासून शाळा असो, नाट्यगृह असो, वा मैदान असो, मी प्रथम शेवटची ओळ गाठतो. ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे आहेत, त्याला तेथून काय दिसते, यावर माझे मत ठरते.

या परीक्षेत मुंबईचे वानखेडे मैदान सपशेल नापास झाले होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात ब्रेबोर्नवरील जागांच्या वाटपावरून भांडण जुंपले आणि त्यातून हे दुसरे मैदान उभे राहिले. येथे पहिला कसोटी सामना १९७५ च्या जानेवारीत झाला. मी मात्र तेथे गेलो तो ५ नोव्हेंबर १९८७ रोजी, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यास. ग्रॅहॅम गूचने स्वीप मारमारून ११५ धावा केल्या, असे मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. मला दिसली ती जाळी, डोळ्यांत येणारे ऊन, आणि एकाच वेळी डावीकडे वळणारी शेकडो डोकी.

शारजाचे मैदान मात्र मी न पाहताच ओळखत होतो. अब्दुल रहमान बुखातीर या क्रिकेटवेड्या अरब व्यापाऱ्याने वाळवंटात हा खेळ नेला. १९८१ मध्ये गावसकर आणि मियाँदाद यांचे संघ तेथे खेळले, १९८४ मध्ये पहिला आशिया चषक झाला, तो आपण जिंकला. जुन्या खेळाडूंना त्या सामन्यांतून थैली दिली जाई, ही मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट. मोठे सामने शुक्रवारी होत, कारण तेथे सुटीचा वार तो. आमच्या घरी मात्र त्यामुळे पंचाईत होई.

१८ एप्रिल १९८६ चा शुक्रवार मला घड्याळासकट आठवतो. आईने शब्बाथचा दिवा लावला होता. आमच्या घराच्या पाठीमागे माझ्या बालमित्राचे घर. कोकणी मुसलमान कुटुंब, थोरला भाऊ आखातात, म्हणून घरी रंगीत टीव्ही. मी त्यांच्या उंबरठ्यावर उभा राहिलो, आत गेलो नाही. मी काही चालू केलेले नाही, मी बसलेलोही नाही, असा शास्त्रार्थ मी मनाशी केला होता. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माचा तो चेंडू मियाँदादने मिडविकेटवरून भिरकावला. मित्राने टीव्हीवर उशी फेकली, आणि त्याची आई, जिला मी खाला म्हणत असे, शांतपणे म्हणाली, "बाळा, तुझ्या घरी वाट बघत असतील. जा आता."

तो १९८९ मध्ये भावापाठोपाठ शारजाला गेला. मी काही वर्षांनी येथे आलो. त्या दोन देशांमध्ये तेव्हा टपाल नव्हते, दूरध्वनी नव्हता. आमची पत्रे अलिबागमार्गे जात. मी खालाच्या पत्त्यावर लिहावयाचे आणि तिने नवे पाकीट करून पुढे पाठवावयाचे. २२ एप्रिल १९९८ रोजी सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध वाळूच्या वादळानंतर १४३ धावा केल्या, तेव्हा मित्र त्या मैदानावर होता. त्याचे आठ पानांचे पत्र मला दीड महिन्याने मिळाले. निकाल ठाऊक होताच. सामना हरूनही आपण अंतिम फेरीत गेलो आणि दोन दिवसांनी, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, चषक जिंकला. पण खेळाडू वादळात जमिनीवर आडवे झाले तेव्हा शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या दातांत वाळू कशी करकरली, हे त्या पत्रावाचून मला कोठून कळणार? पत्राच्या शेवटी नेहमीचे वाक्य होते. "तू ये, मी तुला शारजा दाखवतो." इस्रायलचा पासपोर्ट घेऊन ते शक्य नव्हते, हे तोही जाणून होता.

२०२० च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांतला दूरध्वनी खुला झाला आणि सप्टेंबरात करारावर सह्या झाल्या. तरी साथीमुळे दोन वर्षे गेली. अखेर २०२२ च्या ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुटीचे शेवटचे चार दिवस हाताशी धरून, शब्बाथ उलटल्यावर रात्रीच्या विमानाने मी निघालो. ज्या भेटीला तीस वर्षे लागली, त्या प्रवासाला साडेतीन तासही लागले नाहीत. विमानतळावर मित्र उभा होता. केस पांढरे, चाल खालाची. भाभीने खवले आणि पर तपासून आणलेले पापलेट आणि सोलकढी केली होती. वर सांगितले, की कढई नवी आहे.

त्याच दिवशी, २८ ऑगस्टच्या रविवारी, दुबईच्या मैदानावर आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना होता. २००९ मध्ये सुरू झालेल्या या मैदानात पंचवीस हजार माणसे बसतात. दिव्यांचे खांब मुळीच नाहीत. छताच्या कडेने साडेतीनशे दिव्यांची माळ ओवलेली आहे, त्यामुळे खेळाडूची सावली पडत नाही. आमची तिकिटे शेवटच्या ओळींतलीच होती, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तेथून फळा स्वच्छ दिसतो. माझ्या अध्यापकांनी पूर्ण गुण दिले असते. तरी माझे मन तेथे रमले नाही. ध्वनिक्षेपक इतके गरजत होते, की बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज एकदाही कानी आला नाही. भोवती गाव नाही. मोटारीने यावे, मोटारीने जावे. तिकीट नसलेल्या पोराला चढावयास भिंत नाही की झाड नाही. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, याच मैदानात बेसबॉलचे सामने भरले, असे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. ते मैदान कोणाचेच घर नसल्यामुळे तेथे कोणीही उतरू शकतो.

माझ्या शेजारी पेशावरचा एक टॅक्सीवाला बसला होता. उकाडा असह्य होता. त्याने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली आणि सहज विचारले, "आप कहाँ से?"

"अलिबाग," मी म्हणालो. "बम्बई के पास."

हे खोटे नव्हते. पण वर्गात एखादा मुलगा असे उत्तर देतो तेव्हा ते मला लगेच ओळखू येते. मित्राने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा खेळाकडे नजर वळवली.

पाकिस्तानच्या १४७ धावा झाल्या. शेवटच्या षटकात आपल्याला सात हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर जडेजा त्रिफळाचीत झाला. मग हार्दिक पंड्याने चौथ्या चेंडूवर षटकार मारला. मित्र माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "मास्तर, छत्तीस वर्षांनी फेड झाली!" त्या गडबडीत पेशावरवाल्याने माझा हात हातात घेतला. "मुबारक हो, अलिबाग!" तो म्हणाला. त्याला माझे नाव ठाऊक नव्हते, म्हणून त्याने मला गावाच्या नावाने हाक मारली. मला त्या क्षणी आनंद व्हावयास हवा होता.

दुसऱ्या दिवशी अबू धाबीला जाऊन आलो. सामना नव्हता, विनंती केल्यावर रखवालदाराने आत डोकावू दिले. दोन बाजूंना पंख पसरल्यासारखी छते आणि उरलेल्या बाजूंना हिरवळीचे उतार. सहकुटुंब सतरंजी टाकून सामना पाहण्याची अशी सोय मला अन्यत्र दिसली नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी भारत आणि पाकिस्तान येथे दोन सामने खेळले होते. परतीच्या वाटेवर मित्राला म्हणालो, "काल मी त्या माणसाला पुरते सांगितले नाही." तो म्हणाला, "मला कळले. मी असतो तर काय केले असते, याचा विचार करतोय." पुढचे पन्नास किलोमीटर आम्ही दोघेही गप्प होतो.

मंगळवारी, ३० तारखेला, शारजा. अफगाणिस्तान विरुद्ध बांगलादेश. मैदान भर वस्तीत आहे. इमारती इतक्या जवळ, की कोणाच्या गॅलरीत कपडे वाळत आहेत ते दिसावे. बाके झिजलेली, जिने अरुंद, आणि सीमारेषा आखूड, त्यामुळे चेंडू बाहेर रस्त्यावर जातात. शेवटच्या ओळीतून यष्टिरक्षकाची हाक ऐकू येते! जगात सर्वांत अधिक एकदिवसीय सामने याच मैदानाने पाहिले. सट्टेबाजीच्या संशयामुळे भारताचा संघ २००० नंतर येथे येईनासा झाला आणि मैदान ओस पडले. पुढे, ज्यांना स्वतःच्या देशात खेळता येत नव्हते, त्या अफगाण खेळाडूंनी ते आपले मानले. त्या रात्री ते खरोखर त्यांचेच घर होते. ढोल, झेंडे, काबूलच्या गप्पा.

मित्राने बोट करून मियाँदादचा चेंडू गेला ती बाजू दाखवली. मी उभा राहून पाहिले. काही दिसावयाचे नव्हते. तेथे एक मुलगा बापाच्या खांद्यावर बसून आईस्क्रीम खात होता.

मागच्या बाकावरच्या अफगाण म्हाताऱ्याने मला विचारले, कोठून आलात? मी तोंड उघडण्यापूर्वी मित्र म्हणाला, "हा माझा शाळासोबती. इस्रायलहून आलाय. यहुदी आहे." त्याने हे जरा मोठ्यानेच सांगितले. म्हातारा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "हेरातमध्ये आमच्या गल्लीत यहुदी होते. सगळे गेले." आणि पुढे वाकून मला म्हणाला, "नजीबुल्लाला बघा, आता मारेल." नजीबुल्ला झद्रानने १७ चेंडूंत ४३ धावा केल्या, सहा षटकार. आम्ही तिघे प्रत्येक षटकाराला उभे राहिलो.

३१ ला परतलो, १ सप्टेंबरला वर्ग घेतला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये येथे काय झाले ते वाचक जाणतात. त्या शब्बाथच्या रात्री मी फोन उघडला तेव्हा शारजाहून अकरा वेळा फोन आलेला होता. युद्धातही तो दर आठवड्याला बोलत राहिला, पण सामन्यांविषयी बोलावयाचे आम्हा दोघांना सुचत नसे. २०२४ मध्ये त्याची नोकरी संपली, नोकरीबरोबर तेथला परवानाही संपला, आणि तो अलिबागला परतला. आता शारजात मला ओळखणारे कोणी नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात दुबईच्या त्याच मैदानावर आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. कारणे वृत्तपत्रांत आली. त्यांवर मत देण्याचा अधिकार मला येथे बसून वाटत नाही. मी टीव्हीसमोर बसून शेवटच्या ओळीत तो पेशावरवाला कोठे दिसतो का, ते शोधीत होतो. सामना संपल्यावर अलिबागहून फोन आला. मित्र ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेला होता. पोरे किल्ल्याच्या समोर टेनिसच्या चेंडूने खेळत होती आणि त्याला कोणीतरी पंच म्हणून उभे केले होते.

"मग, निर्णय बरोबर दिलेस ना?" मी विचारले.

"एक चुकला," तो म्हणाला. "पोरांनी लगेच पकडला."