बॅटरीची करवत आणि आवरलेला हात



आमच्या घरी बॅटरीवर चालणारी छोटी चेन सॉ आहे, हे कळलं की ऐकणाऱ्याचे दोन प्रकार होतात. एक म्हणतात, "अरे वा, केवढ्याला पडली?" दुसरे माझ्याकडे जरा निरखून बघतात आणि विचारतात, "जैनांच्या घरात करवत?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पावतीवर आहे. दुसऱ्याचं जरा सविस्तर द्यावं, म्हणून आजचा लेख.

सांगलीत आमच्या घराभोवती थोडी मोकळी जागा आहे. एक आंबा, दोन शेवगे, सीताफळ, कढीपत्ता, जास्वंद आणि मेंदीचं कुंपण. झाडं लावताना हौस असते, आवरताना दम निघतो. शेवगा तर वर्षभरात पत्र्यापर्यंत जातो, आणि त्याचं लाकूड इतकं ठिसूळ की वळवाच्या पहिल्या वाऱ्यात फांदी कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. पूर्वी हे काम आमच्या घरी कोयत्यानं व्हायचं. यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि कोयता बंद झाला. मग एका वर्षी पेट्रोलचं मशीन घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याला सांगितल्या होत्या तीन फांद्या. आम्ही देवळातून प्रक्षाळ करून येईपर्यंत त्यानं एका शेवग्याचा कमरेएवढा खुंट करून ठेवला होता. वर म्हणाला, "वहिनी, आता दोन वर्षं कटकट नाही." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हा ठरलं की तोडायचंच असेल तर आपल्या हातानं, आपल्या डोळ्यांदेखत आणि लागेल तेवढंच.

आपल्या शास्त्रात झाड म्हणजे वनस्पतिकायिक, एकेंद्रिय जीव. मुनी महाराजांना पान तोडणंही वर्ज्य. श्रावकाचं व्रत अणुव्रत आहे. त्रस जीवांची जाणूनबुजून हिंसा करायची नाही, आणि घरसंसार करताना जी आरंभी हिंसा होते, ती कमीत कमी ठेवायची. स्थावर जीवांच्या बाबतीतही "चालतंय की" असं म्हणून हात मोकळा सोडायचा नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातल्या प्रमादचर्येत उगाच जमीन उकरणं, उगाच पाणी सांडणं याबरोबरच निष्कारण वनस्पती तोडणंही येतं. म्हणजे प्रश्न करवत आहे की कोयता हा नाही. कारण आहे का, आणि लक्ष आहे का, हा प्रश्न आहे.

तरी हत्यारानं फरक पडतो, हे वापरून कळलं. कोयत्यानं हात दुखतो. दहा घाव घातले की माणूस थांबतो, घाम पुसतो, वर बघतो, आणि त्या बघण्यात "एवढं पुरे" असं वाटून जातं. बॅटरीच्या करवतीचा खटका दाबला की मनगटाएवढी फांदी काही सेकंदांत खाली. थकवा नाही, धूर नाही, दोरी ओढून सुरू करायची खटपट नाही. जे थांबणं पूर्वी हाताच्या दुखण्यात होतं, ते आता मनातून आणावं लागतं. सोय म्हणतात ती हीच, आणि धोकाही हाच.

म्हणून मी एक नियम घेतला. आमच्या मशीनसोबत दोन बॅटऱ्या आल्या. एका दिवशी एकच बॅटरी वापरायची. ती संपली की त्या दिवसाचं काम संपलं, मग फांदी अर्धी गोळा झालेली असो नाहीतर कुंपण अर्धं कापलेलं असो. आपण भोगोपभोगाचं परिमाण करतो, आज इतक्याच वस्तू, इतकेच रस, तसंच हे. बॅटरीवर 21 व्होल्ट लिहिलंय. आत पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी 4.2, म्हणून 21. प्रत्यक्ष काम साधारण 18 व्होल्टवर चालतं. आमची 2 अँपिअर-अवरची आहे, म्हणजे एका चार्जमध्ये सुमारे 36 वॉट-अवर वीज. तुमच्या घरचा पंखा जितकी वीज सहज खातो तितकीच. पण त्यात आमच्या अंगणाचं एका दिवसाचं काम होऊन जातं. त्याहून जास्त तोडायची गरज आम्हाला आजवर पडलेली नाही.

आता घरातल्या बायकांसाठी थोडं कामाचं, कारण यंत्र लहान दिसलं तरी खेळणं नाही. सहा इंची पट्टी बोट न्यायला पुरेशी असते.

साखळी बघायची, ताण द्यायचा, कचरा काढायचा, तर आधी बॅटरी बाहेर. हे स्वयंपाकात गॅसचं बटन बंद करण्यासारखं अंगवळणी पडलं पाहिजे. साखळी पट्टीच्या मधोमध धरून जरा वर ओढली तर तिचे खालचे दात खोबणीतून पूर्ण बाहेर यायला नकोत, आणि हातमोजा घालून फिरवली तर अडखळायलाही नको. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन उसळून अंगावर येतं, म्हणून टोकानं कापायचं नाही. मशीन एका हातानं उचलता येतं म्हणून एका हातानं चालवायचं नाही. शिडीवर चढून नाही, खांद्याच्या वर हात नेऊनही नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि पदर-ओढणी कमरेला घट्ट. मी तर त्या दिवशी सरळ यांचा जुना शर्ट घालते.

जाड फांदी एका घावात वरून कापली तर ती स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल फाडत खाली जाते. ती जखम झाडाला वर्षानुवर्षं भरता येत नाही. म्हणून आधी खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूनं तिसऱ्या हिश्शाइतका काप. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न फाडता सुटते. उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढायचा, कडं न दुखवता. झाड त्या कड्यातूनच जखम बुजवतं. तोडायचंच आहे, तर त्याला भरून यायची वाट ठेवून तोडावं. ह्यालाच मी यत्नाचार समजते.

यत्नाचाराचा मोठा भाग मात्र खटका दाबण्याआधीचा आहे. पहिल्यांदा मलाही वाटायचं, हिरवी फांदी राहू दे, वाळकी तोडायला काय हरकत, तिच्यात जीव कुठाय? पण हिरव्या फांदीपेक्षा वाळक्या फांदीतच त्रस जीव जास्त असतात. पोकळीत मुंग्यांची वारुळं, सालीखाली किडे. आंब्याच्या खोडाला भोक असून बाहेर भुसा पडलेला दिसला तर आत भिरूड असतो. शेवग्याची वाळकी फांदी तर तांबट पक्ष्याची आवडती. तो चोचीनं टोचून टोचून गोल भोक पाडतो आणि आत घरटं करतो. आमच्या एका शेवग्याला असं भोक आहे. ती फांदी रस्त्यावर नाही, पत्र्यावर नाही, कुणाला तिचा त्रास नाही. ती तशीच आहे. दिसायला वाईट दिसते, असं पाहुणे म्हणतात. असू दे.

बाकीच्या फांद्या आदल्या दिवशी बघून ठेवते. घरटं, मधाचं पोळं, मुंग्यांची रांग. तोडायच्या जागी मऊ कुंचल्यानं हलकेच झाडून घेते. महाराजांच्या हातातली मोरपिच्छी ज्यासाठी असते, त्याचीच ही घरगुती नक्कल. काम ऊन वर आल्यावर करायचं. संध्याकाळी दिवा लावून मुळीच नाही, दिव्यावर येणारे किडे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

करवतीच्या मानानं मला जास्त जड वाटतं ते गवत कापायचं मशीन. नायलॉनची दोरी गरगरा फिरते आणि तिला गवत आणि गोगलगाय यातला फरक कळत नाही. पावसाळ्यात आमच्या अंगणात बेडकं, नाकतोडे, पैसा किडे असतात. म्हणून आषाढ चतुर्दशीला चातुर्मास लागला की ते मशीन खुंटीला, ते कार्तिकापर्यंत. तेवढे दिवस पायवाटेपुरतं गवत सासूबाई बसून विळ्यानं काढतात. बघत बघत, हळूहळू. पाने उडवायचा ब्लोअर घ्यायचा का, असं मुलानं विचारलं होतं. नाही घेतला. पानांखाली कुणीकुणी राहतं, त्यांना वादळ कशाला? खराटा आहे की.

आता मुख्य गोष्ट. ह्या मशीनमुळे माझी खरी परीक्षा अंगणात झाली नाही, कुंपणाशी झाली.

शेजारच्या दादांनी गच्चीवर सोलर बसवलं. त्यांच्याच आवारातल्या कडुनिंबाची सावली हिवाळ्यात पॅनेलवर येते, आणि एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी वीज बरीच घटते. एके दिवशी कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, तुमची करवत दोन तास द्या. झाडच काढून टाकतो, गुडघ्यापासून."

नाही म्हणणं किती कठीण होतं, ते सांगायला 2019चा ऑगस्ट सांगावा लागेल. कृष्णेच्या महापुरात आमच्या खालच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही तीन रात्री ह्याच दादांच्या वरच्या मजल्यावर होतो. वीज नाही, गॅस जपून. तशातही त्यांच्या वहिनींनी कांदा, लसूण, बटाटा न घालता आमच्यासाठी वेगळं शिजवलं, आणि रोज दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. असं माणूस दोन तासांसाठी एक मशीन मागतं.

पण समंतभद्र स्वामींनी अनर्थदंडात हिंसादानही सांगितलंय. परशु, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्र, जे वधाचं कारण होतं ते दुसऱ्याला देणं. पाठशाळेत हे पाठ केलं तेव्हा वाटायचं, परशु आता कोण कुणाला देतं! इथे तो माझ्या कपाटात चार्जिंगला लावलेला होता.

मी म्हणाले, "दादा, मशीन नाही देता येणार. सावलीच्या फांद्या आम्ही येऊन काढून देतो." आणि हेही सांगितलं, की शहरात आपल्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही. 1975 पासून तसा कायदा आहे. ते काही बोलले नाहीत. आत निघून गेले. पंधरा दिवस कुंपणावरून ना हाक, ना वाटी. त्या पंधरा दिवसांत मी रोज स्वतःला विचारलं, की माणसाचं मन दुखवणं ही हिंसा नाही का? आहे. तरी मशीन द्यावं असं एकदाही वाटलं नाही. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही घेऊन मी सामायिकाला बसत होते.

आपल्या देवळात लेश्यांचं चित्र असतं ना, जांभळाच्या झाडाखाली सहा माणसं? एक मुळापासून झाड तोडायला निघालेला, दुसरा बुंध्यातून, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळं तोडणारा, आणि सहावा खाली पडलेली फळं वेचणारा. सगळ्यांना भूक सारखीच. मला तेव्हा वाटलं, दादांनाही हवं ते ऊनच आहे. झाड नको आहे असं नाही.

शेवटी त्यांच्या वहिनी आल्या. "फांद्या काढायच्या म्हणत होतात, ते बघता का?" दादा महापालिकेत विचारून आले. आधी आम्ही सगळ्यांनी गच्चीत उभं राहून सावली कुठून येते ते नुसतं बघितलं. चार फांद्या निघाल्या, चारच. एका बॅटरीचा नियम असल्यानं दोन रविवार लागले. दादा खाली उभे राहून दोरी धरत होते. कडुनिंब उभा आहे.

गोष्ट इथे गोड संपली असं लिहिता आलं असतं, पण दिवाळीत दादांनी स्वतःचं मशीन आणलं. साखळी बसवायला यांना बोलावलं. हे गेले, ताण कसा द्यायचा, बॅटरी आधी का काढायची, घरटं कसं बघायचं, सगळं दाखवून आले. मी यांना काही म्हटलं नाही. हत्यार देणं वेगळं आणि स्वतःचा हात वाचवायला शिकवणं वेगळं, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा. स्वाध्यायाला पुढचा विषय होईल. त्या कडुनिंबाचं पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात माझाच खटका होता.

शेवटी बॅटरीबद्दल दोन गोष्टी, ज्या विचारल्या जातात. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, रात्रभर लावून झोपू नका, आणि चार महिने वापरायची नसेल तर साधारण अर्धी भरलेली ठेवा. आणि ती मेली की घंटागाडीत टाकू नका. दाबली गेली, फुटली तर पेट घेते, आणि कचऱ्याच्या ढिगात काय काय जीव असतात ते मी सांगायला नको. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022च्या नियमांनी कंपन्यांवर टाकली आहे. दुकानदाराला विचारा, नाहीतर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. वस्तू घरात आणताना जितकं बघतो, तितकंच ती घराबाहेर काढतानाही बघावं.

जय जिनेंद्र.