खोट्या मरणाचा खरा शोक

'रोमिओ आणि ज्युलिएट' बसवायला घेतलं की चौथ्या अंकाचा पाचवा प्रवेश कापायचा सल्ला हमखास मिळतो. पहाटेची वेळ, घरात लग्नाची धांदल, दाई नवरीला उठवायला येते आणि ज्युलिएट उठत नाही. ती नुसती औषधाच्या गुंगीत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. मग एवढं रडणं कशाला, असा प्रश्न. मी तो प्रवेश कधीच कापत नाही. घरच्यांना पोटभर रडायची मुभा शेक्सपिअरने या नाटकात इथेच दिली आहे.

दाईपासून सुरुवात करतो. तिची स्वतःची मुलगी सुझन कधीच गेली. दोघी एका वयाच्या, आणि ज्युलिएट वाढली ती हिच्याच दुधावर. तालमीत मी त्या नटीला सांगतो, पलंगाचा पडदा सरकवतानाही थट्टा चालू ठेव. मग पोर सगळे कपडे घालूनच पडलीय हे दिसू दे. मग अंग गार लागू दे. हे टप्पे सुटे सुटे झाले की हंबरडा आपसूक फुटतो.

ज्युलिएटच्या बापाचं, कॅप्युलेटचं काम सर्वांत अवघड. आदल्याच दिवशी त्याने याच पोरीला, लग्नाला उभी राहिली नाहीस तर रस्त्यावर मर, असं सुनावलंय. बाकीची मुलं त्याने आधीच मातीला दिली आहेत. आता तो तिचे सांधे चाचपतो, आणि ते ताठरलेले असतात. ते हात कालच तिच्यावर उगारायला शिवशिवत होते, हे नटाने विसरता कामा नये.

1597च्या पहिल्या छापील प्रतीत इथे रंगसूचना आहे: सगळ्यांनी एकदम आक्रोश करायचा, हात पिळायचे. बहुतेक वेळा चौघांचे विलाप एकामागून एक घेतले जातात आणि पाठांतर म्हटल्यासारखे वाटतात. मी ते एकमेकांवर चढवतो. शब्द बुडतात, बुडू द्यावेत. मयताच्या घरी दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट कोण बघतं?

पाचव्या अंकात ज्युलिएट खरोखर मेलेली, अंगातून रक्त वाहतंय, आणि आईबापांच्या तोंडी शोकाच्या जेमतेम काही ओळी. त्यांचा आक्रोश आधीच खर्ची पडलाय. तो प्रवेश कापला तर हे गप्प होणं प्रेक्षकाला कळणार कसं? दाई तर इथे येतही नाही. रोमिओचा बाप माँटेग्यू येतो तो बायको गेल्याची बातमी घेऊन. मुलाच्या हद्दपारीने तिने त्याच रात्री प्राण सोडला. आणि समोर मुलगा पडलेला.

मग कॅप्युलेट त्याचा हात मागतो, मुलीच्या वाट्याचं देणं म्हणून. माँटेग्यू म्हणतो, मी तिचा सोन्याचा पुतळा उभारीन. प्रेतांशेजारी उभे राहून दोन व्याही देण्याघेण्याचं बोलताहेत. मी दोघांनाही ते साध्या, व्यवहाराच्या आवाजात बोलायला लावतो.